झोपलेला पहारेकरी, ५८ हिट पॉइंट आणि डीएमची अक्कल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते कळेल. तुम्ही डीएम (‘डंजन मास्टर’), म्हणजे खेळ चालवणारे पंच, म्हणून पाच मित्रांना घेऊन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या फाशांच्या आणि काल्पनिक पात्रांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशनची मोहीम, चालवताय, सगळे चौथ्या लेव्हलला आहेत. मागच्या सेशनला ‘रोग’ (rogue, चोरटा) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, खेळणारा मित्र चोरपावलांनी झोपलेल्या पहारेकऱ्यापाशी पोचला आणि म्हणाला, गळ्यावर सुरी फिरवतो. तुम्ही पहारेकऱ्यासाठी पुस्तकातल्या ‘व्हेटरन’ या मुरलेल्या योद्ध्याचे आकडे घेतले होते, म्हणजे ५८ हिट पॉइंट; ते संपले की माणूस संपला. वार लागला, समोरचा झोपेत असल्यामुळे आपोआप क्रिटिकल, म्हणजे जबर, झाला, सुरीचे आणि स्नीक अटॅकचे (रोगच्या छुप्या वाराचे) फासे दुप्पट झाले आणि एकूण २३ डॅमेज बसलं. पहारेकरी उरलेल्या ३५ पॉइंटांनिशी उठला आणि त्याने बोंब ठोकली. तुमचा मित्र चिडला: गळा चिरल्यावर माणूस ओरडतो कसा?

त्याच रात्री विझार्डने, म्हणजे जादूगार खेळणाऱ्याने, जमीन निसरडी करणाऱ्या ‘ग्रीस’ मंत्राच्या लेपावर आग टाकू का विचारलं. तुम्ही हो म्हणालात, आणि आता प्रत्येक लढाईची सुरुवात ग्रीस आणि आगीनेच होते. शेवटी बार्बेरियनने ६० फुटी बुरुजावरून खाली उडी मारली, आणि तीही टेबलावर हिशेब करून, की रेज (बार्बेरियनचा लढाऊ संताप) चालू आहे, डॅमेज निम्मं होणार, आरामात वाचतो. तुमचा प्रश्न असा की लढाईत नियम पाळायचे की कॉमन सेन्स वापरायचा.

या तीन प्रसंगांवर एकच औषध चालणार नाही. पहिल्यात जिथे लढाईच नव्हती तिथे लढाईचे नियम लावले गेले. दुसऱ्यात पुस्तक गप्प होतं, आणि तुम्ही एक नवा नियम जन्माला घातलात पण त्याची किंमत ठरवली नाहीत. तिसऱ्यात नियम अगदी स्पष्ट होता, फक्त त्याचं उत्तर डोळ्यांना खटकलं. कॉमन सेन्सला पहिल्यात भरपूर वाव आहे, दुसऱ्यात मोजूनमापून आणि तिसऱ्यात जवळजवळ नाही.

बरंचसं तुमच्या टेबलावर अवलंबून आहे, हेही मान्य करतो. आठवडाभर ऑफिसात डोकं शिणवून शनिवारी रात्री राक्षस बडवायला जमलेले लोक आणि प्रत्येक मोहीम नकाशा काढून आखणारे लोक, यांना एकच डीएम एकसारखे निकाल देऊ शकत नाही. खेळ कोणता हेही बघावं लागतं. ‘कॉल ऑफ क्थुलू’ या भयकथांच्या खेळात माणसाकडे हिट पॉइंट इतके थोडे असतात की गळ्यावरची सुरी बहुतेक वेळा स्वतःच निकाल लावते. ‘गर्प्स’ या आणखी एका खेळात लढाईतली एक पाळी एका सेकंदाची असते, त्यामुळे तिथले नियम शरीराच्या हालचालींच्या खूप जवळ जातात. डी अँड डीची एक फेरी सहा सेकंदांची आणि तिचा ढाचा मुळातच ढोबळ. पुढचं सगळं त्या ढोबळ ढाच्याबद्दल आहे.

आता पहारेकरी. मला सांगा, त्याला ५८ हिट पॉइंट कोणी दिले? तुम्हीच. पुस्तकात ‘गार्ड’ नावाचाही एक कागद, म्हणजे तयार आकड्यांचा तक्ता, आहे, त्यावर ११ हिट पॉइंट लिहिलेत. तो घेतला असता तर त्याच २३ डॅमेजमध्ये पहारेकरी हूं का चूं न करता गेला असता. नियम आणि अक्कल यांचं भांडण झालंच नसतं, आणि तुम्ही मला लिहिलंही नसतं. ज्याला तुम्ही नियमांचा प्रश्न म्हणताय तो पुष्कळदा कागदाच्या निवडीचा प्रश्न असतो. दारावर डुलक्या काढणारा माणूस कथेत कोण आहे हे आधी ठरवा. निनावी शिपाई असेल तर ११ वाला. किल्लेदाराचा जुना, चार लढाया पाहिलेला सरदार असेल तर ५८ वाला, पण मग तो चिलखत उतरवून, दार उघडं टाकून घोरत का पडलाय, याचंही उत्तर तुमच्याकडे हवं.

समजा तो ५८ वालाच होता. तरीही मी फासा वेगळ्या जागी टाकला असता. फासा टाकायचा तो जिथे खरोखर अनिश्चितता आहे तिथे. रोगवाल्या मित्राच्या बेतात अनिश्चित काय होतं? फरशीवरून आवाज न करता पलंगापर्यंत जाणं. किल्ल्यांचा जुडगा वाजेल का, कुत्रं उठेल का, शेजारचा शिपाई कूस बदलेल का. ते सगळं स्टेल्थच्या (चोरपावलांनी जाण्याच्या) एका फाशात आलं, आणि तो त्याने जिंकला. त्यापुढे गाढ झोपलेल्या माणसाचा गळा आणि हातात सुरी, यात अनिश्चित असं काही राहत नाही. मी म्हणालो असतो, “मेला. आवाज झाला नाही. रक्त मात्र तुझ्या बाहीवर आहे, सकाळी कोणीतरी बघेल.” इनिशिएटिव्ह (लढाईत पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) नाही, अटॅक रोल (वार लागला का ते ठरवणारा फासा) नाही.

इथे एक कुंपण घालणं फार गरजेचं आहे. ही सवलत ‘लढाई सुरू झालेली नाही’ या अटीवर आहे. ‘समोरचा असहाय आहे’ एवढ्यावर ती दिलीत तर ‘होल्ड पर्सन’ हा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र एका रात्रीत मृत्युमंत्र होतो: एकाने जखडायचं, दुसऱ्याने गळा कापायचा. आणि घूल, म्हणजे मुडदे खाणारं भूत, तर नखाच्या एका ओरखड्याने माणसाला लुळं करतं. तुमच्याच गटावर तीन घूल सोडलेत तर पहिल्या फेरीत दोन पात्रं गेली म्हणून समजा. इनिशिएटिव्ह लागला की लढाईचे नियम सगळ्यांना सारखे, झोपलेल्याला उठवणारा आरडाओरडाही त्यातच आला. तिसऱ्या आवृत्तीने याचं उत्तर वेगळं शोधलं होतं. तिथे असहाय शत्रूवर पूर्ण फेरी खर्च करून एक खास वार करता यायचा, आणि त्यातून वाचलाच तर समोरच्याला १० अधिक बसलेलं डॅमेज इतक्या आकड्याविरुद्ध फॉर्टिट्यूड सेव्ह, म्हणजे सहनशक्तीचा फासा, काढावा लागायचा. तुमच्या २३ चा हिशेब केला तर ३३. म्हणजे मेलाच. पाचव्या आवृत्तीत हे नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण मी वर सांगितलेल्या घुलांसारखंच आहे.

दुसरी चाचणी मी प्रत्येक अशा निकालाला लावतो: हेच गॉब्लिनांनी केलं तर चालेल का? तुमची माणसं लाँग रेस्ट घेत पडली आहेत, पहाऱ्यावरचा डुलकी काढतोय, गॉब्लिन आत शिरतो. खेळाडूंना हे आधी विचारा, स्वच्छ शब्दांत. “तुम्हाला झोपलेल्याला फाशाशिवाय मारता येईल, पण त्यांनाही येईल. ठेवू?” माझा अनुभव असा की निम्मे गट लगेच मागे सरतात. तेही ठीकच. मग सरदाराच्या बाबतीत पुस्तकाचा नियम चालू ठेवा आणि हिट पॉइंटांचा अर्थ बदलून सांगा. हिट पॉइंट म्हणजे मांस नव्हे. या खेळाचा एक जनक गायगॅक्स याने १९७९ मध्येच डीएमसाठीच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की हे सगळे आकडे शारीरिक जखमांचे मानणं हास्यास्पद आहे. त्यात कौशल्य, नशीब, अंगात भिनलेली सावधगिरी सगळं धरलंय. तेव्हा ३५ पॉइंट शिल्लक असलेल्या माणसाचा गळा ‘चिरला गेला’ असं वर्णन करायचंच नाही. सुरी टेकायच्या क्षणी तो कुशीवर वळला, पातं हनुवटीखालून कानापर्यंत घासत गेलं, त्याने मनगट धरलं. तुमच्या मित्राचा राग २३ या आकड्यावर नव्हता. तुम्ही आधी गळा चिरू दिलात आणि मग माणूस उभा केलात, त्यावर होता.

म्हणून माझ्या टेबलावर एक शिस्त मी कधी मोडत नाही. निकाल काय लागू शकतो ते फासा हातात असतानाच सांगायचं. “तो जागा होण्याची शक्यता आहे, एका वारात मरेलच असं नाही, करतोस?” गल्ली क्रिकेटमध्ये जोशीकाकूंच्या गच्चीवर बॉल गेला की आउट, हे टॉसच्या आधी ठरलेलं असतं म्हणून चालतं, बॉल हवेत असताना ठरवलं तर हाणामारी होते. पात्राला त्या जगात जे दिसतंय, कळतंय, ते खेळाडूला दिसत नसतं. बुरुज किती उंच आहे, खाली खडक आहे की चिखल, हे बार्बेरियनला कळतं आणि सोफ्यावर बसलेल्या तुमच्या मित्राला नाही. लढाईतली निम्मी भांडणं नियमांची नसतातच. दोघांच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं असतात आणि ती जुळवून घ्यायला कोणी थांबलेलं नसतं.

ग्रीसकडे वळू. २०१४ च्या पुस्तकात हा लेप पेट घेतो की नाही याबद्दल अवाक्षर नाही. २०२४ च्या आवृत्तीत तो न पेटणारा आहे असं सरळ लिहून टाकलंय. तुमच्यासारखे प्रश्न इतके आले असणार की त्यांनी वाद मिटवला. तुम्ही जुन्या पुस्तकावर खेळताय, तेव्हा निर्णय तुमचा. ‘तेल आहे, पेटणारच’ हा कॉमन सेन्स मला चुकीचा वाटत नाही. पण पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: पेटलं तर किती?

याचं उत्तर हवेतून काढायचं नाही. पुस्तकात सर्वांत जवळची वस्तू शोधायची. तेलाची बाटली जमिनीवर ओतून पेटवली तर पाच फुटी चौकोनात ५ फायर डॅमेज, दोन फेऱ्या. ‘वेब’ची जाळी पेटली तर एका फेरीत जळून जाते आणि आत असलेल्याला २डी४ (चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) बसतं, आणि वेब दुसऱ्या लेव्हलचा मंत्र आहे. वरची मर्यादाही बघायची: ‘बर्निंग हँड्स’ हा पहिल्या लेव्हलचा खास आगीचा मंत्र ३डी६ देतो. तुमची पेटती ग्रीस त्याच्या आसपास गेली तर तुम्ही विझार्डला घसरवण्याच्या मंत्रात जाळण्याचा मंत्र फुकट जोडून दिलात. मी दिला असता असा निकाल: एक फेरी, ५ डॅमेज, आणि लेप जळून गेला, म्हणजे घसरण संपली. आता विझार्डला निवड करावी लागते, शत्रूला चार फेऱ्या लोळवत ठेवायचं की एकदा चटका द्यायचा. किंमत लावली की तीच कल्पना प्रत्येक लढाईत आपोआप येत नाही. मजा टिकते, आणि तुम्हाला नाही म्हणावं लागत नाही.

डोळ्यांत माती फेकण्याचंही असंच. प्रत्येक गटात कोणीतरी हे विचारतंच. फुकटात समोरच्याला आंधळं करू दिलंत तर पुढच्या सेशनला सगळ्यांच्या कमरेला मातीच्या पिशव्या लटकलेल्या असतील. पुस्तकात ‘हेल्प’ ही कृती आहे: स्वतःचा वार सोडायचा आणि साथीदाराच्या पुढच्या वाराला अ‍ॅडव्हांटेज मिळवून द्यायचा. माती म्हणजे रंगवून सांगितलेली हेल्प. त्याच किमतीत, तेवढ्याच फळात बसवा. खेळाडूला वाटतं आपली युक्ती चालली, आणि ती खरोखर चाललेली असते.

या पद्धतीचा मला आवडलेला एक प्रसंग सांगतो, कारण त्यात कॉमन सेन्सने खेळ खरंच चांगला झाला. आमच्या पुण्यातल्या टेबलावर एकाला पात्राच्या हातात दांडपट्टा हवा होता. पुस्तकात दांडपट्टा नाही. वार १डी८ धरला, ते सोपं. मग समोरून ‘बॅटल मास्टर’ आला, त्याने हत्यार हातातून उडवायचा डाव टाकला. खेळाडू म्हणाला, पट्ट्याची मूठ पोलादी खोबणीच्या आत असते, हात कोपरापर्यंत त्यात बंद असतो, पडेल कसा? बरोबर बोलत होता. मी म्हटलं, नाही पडणार. पण मग तो हात दुसऱ्या कशालाही मोकळा नाही. औषधाची कुपी काढणं, दोर धरणं, दाराची कडी उघडणं, काही नाही, आणि पट्टा चढवायला किंवा उतरवायला एक पूर्ण अ‍ॅक्शन. त्याने आनंदाने मान्य केलं. पुढे एकदा दोराला लटकलेला असताना त्याला हे फार महागात पडलं, आणि टेबलावर सगळ्यात जास्त तोच हसत होता. वस्तूच्या घडणीतून फायदा निघत असेल तर त्याच घडणीतून तोटाही निघतो; दोन्ही एकदमच जाहीर करायचे.

आता बार्बेरियन. इथे मी तुमच्या बाजूने नाही.

पडण्याचा नियम दर १० फुटांना १डी६, कितीही उंची असली तरी कमाल २०डी६. ६० फूट म्हणजे सरासरी २१, रेजमध्ये निम्मं, १०. चौथ्या लेव्हलच्या बार्बेरियनकडे ४५ च्या आसपास हिट पॉइंट असतात. तो वाचतो, प्रोन (जमिनीवर आडवा) पडतो, उठतो. तुम्हाला हे अशक्य वाटतं. पण त्याच फेरीत विझार्ड ‘मिस्टी स्टेप’ने ३० फूट गायब होऊन दुसरीकडे उगवला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. हा भेद बहुतेक डीएम नकळत करतात: मंत्र म्हटला की सगळं चालतं, आणि तलवारवाल्याने काही अचाट केलं की टेबलावर फिजिक्सचा तास सुरू. कॉमन सेन्सची काठी नेहमी फायटर आणि बार्बेरियनच्याच पाठीत बसते. अचाट धडधाकटपणा हाच बार्बेरियनचा मंत्र आहे, त्याच्यासाठीच तुमच्या मित्राने तो क्लास घेतलाय.

शिवाय वास्तव तुम्हाला वाटतं तितकं तुमच्या बाजूचं नाही. १९४४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाचा निकोलस आल्केमेड हा गनर जळत्या लँकेस्टर विमानातून पॅराशूटशिवाय सुमारे १८,००० फुटांवरून पडला. झाडांच्या फांद्या आणि खालचा बर्फ यांनी त्याला झेललं आणि मुरगळलेल्या पायावर निभावलं. लढाईबद्दलची आपली समजही अशीच सिनेमावर पोसलेली असते. लांब तलवार दहा किलोची असते असं मानणारे मी कितीतरी बघितलेत. प्रत्यक्षात ती दीड किलोच्या आतबाहेर असते.

माझं म्हणणं ज्यावर उभं आहे तो भाग हाच. युद्धाच्या खेळात पंचाने नियम बघायचे की अनुभव, हा वाद डी अँड डीपेक्षा बराच जुना आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ हा युद्धाचा खेळ मांडला: नकाशा, ठोकळे, फासे, तक्ते आणि मध्ये पंच. तक्त्यांना अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने तक्ते आणि फासे बाजूला काढून सगळा निकाल पंचाच्या समजेवर सोपवला. ते चाललं, कारण पंच म्हणून बसणारी माणसं युद्ध पाहिलेली होती. व्हेर्डी स्वतः १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याच्या स्टाफवर होता. १९७४ च्या पहिल्या डी अँड डीमध्येही ‘डंजन मास्टर’ हा शब्द नव्हता, ‘रेफरी’च होता. पण तुम्ही आणि मी कोणाशी तलवार घेऊन लढलोय? आपल्याकडे व्हेर्डीची समज नाही, म्हणून त्याचं स्वातंत्र्यही आपण घेऊ नये. आपली अक्कल दोन ठिकाणी भरवशाची असते: समोर नक्की काय घडतंय हे ठरवण्यात, आणि पुस्तकातली कोणती मोजपट्टी त्याला लावायची हे निवडण्यात. आकडा पुस्तकाचाच राहू द्या.

खेळाडूही कॉमन सेन्सच्या नावाखाली उलटा डाव टाकतात, तोही ओळखून ठेवा. प्रसिद्ध उदाहरण शेतकऱ्यांच्या रांगेचं: दोन हजार शेतकरी ओळीत उभे करायचे, प्रत्येकाने ‘रेडी’ कृतीने भाला पुढच्याच्या हातात द्यायचा, सहा सेकंदांत भाला दोन मैल गेला, म्हणजे त्याचा वेग भयंकर, म्हणजे डॅमेजही भयंकर. इथे भाला पोचवायला नियम वापरला आणि डॅमेज काढायला फिजिक्स. नियमच लावायचा तर शेवटच्या शेतकऱ्याने फेकलेला भाला १डी६ देतो. फिजिक्सच लावायचं तर भाला सहा सेकंदांत पन्नास माणसांपुढेही जात नाही. २०२४ च्या डीएमच्या पुस्तकाने हे उदाहरण घेऊनच सांगितलंय की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. ‘फुप्फुस हे उघडं भांडं आहे, त्यात क्रिएट वॉटरने पाणी भरतो’ म्हणणारा याच गावचा. त्याला हसून नाही म्हणा. दहा मिनिटं वाद घालू नका.

वेळेचंही भान ठेवा. लढाई चालू असताना नियम शोधायला मी मिनिटभरापेक्षा जास्त देत नाही. सापडला नाही तर “आजपुरता असा निकाल” म्हणून पुढे जातो, आणि कोणाच्या पात्राचा जीव टांगणीला असेल तर शंकेचा फायदा त्याला. घरी जाऊन पुस्तक बघतो, ठरलेलं ग्रुपवर टाकतो. तो नियम पुढच्या वेळेपासून, मागच्याला लागू नाही.

तेव्हा तुमच्या पुढच्या सेशनसाठी: पहारेकरी जिवंत आहे, जिवंतच राहू द्या, झालेला निकाल फिरवू नका. गालावर लांब व्रण असलेला आणि तुमच्या रोगवाल्याचा चेहरा ओळखणारा माणूस तुम्हाला आयता मिळालाय. झोपलेल्यांचा नियम खेळाडूंपुढे मतदानाला ठेवा, घुलांची गोष्ट सांगूनच. बार्बेरियनची उडी मान्य करा, फक्त त्याला सांगा की खाली पडल्या पडल्या तो प्रोन असतो आणि बुरुजाखालचे भालेवाले ते बघतात. विझार्डशी मात्र टेबलावर बोलू नका, आधी फोन करा. त्याच्या हातातली चालती युक्ती तुम्ही कमकुवत करणार आहात, ते चारचौघांत ऐकायला कोणालाच आवडत नाही. ५ डॅमेजचा हिशेब त्याला समजावून सांगा आणि नको असेल तर ग्रीसच्या जागी दुसरा मंत्र घ्यायची मुभा द्या.